नायकाच्या हातातली बाटली कोणासाठी? सिनेमातल्या ब्रँडबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धंतोलीतल्या एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही दहा-पंधरा जण दर शनिवारी सिनेमा बघतो. सिनेमा संपला की चहा येतो आणि चहासोबत एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, ती बाटली मुद्दाम दाखवली का हो?" कधी बाटली असते, कधी बाइक, कधी बँकेची पाटी. तीच उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून लिहून काढली. मी आधी जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंग करायचे, आता शिकवते. त्यामुळे या धंद्याबद्दलची थोडी माया आणि बराचसा संशय, दोन्ही खाली सापडेल.

प्रॉडक्ट प्लेसमेंट म्हणजे नेमकं काय? सिनेमाच्या आधी लागते ती जाहिरात वेगळी का?

वेगळी. आधी लागते ती उघड जाहिरात. कोणीतरी काहीतरी विकून राहिलं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून तेवढ्यात समोसा आणायला जाता येतं. जुन्या टॉकीजमध्ये विको वज्रदंतीची जाहिरात लागली की अर्धं थिएटर सोबत गायचं. कंपनीचा एक कारखाना आपल्या नागपुरात असल्यामुळे आमच्या घरी तर जरा जास्तच कौतुकानं.

प्लेसमेंटमध्ये वस्तू गोष्टीच्या आत बसलेली असते. तिला टाळायचं तर सिनेमाच सोडून उठावं लागेल. धंद्यात याला 'इन-फिल्म' म्हणतात. वस्तू नुसती मागे दिसली तर भाव कमी, पात्राच्या हातात आली तर जास्त, आणि पात्रानं तिचं नाव घेतलं तर आणखी जास्त. सगळ्यात वरचा मान त्या वस्तूला, जिच्याशिवाय प्रसंगच उभा राहत नाही.

हे फॅड अलीकडचं आहे ना?

नाही. पहिलं सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळवणाऱ्या 'विंग्ज' (१९२७) या मूकपटातही हर्शीचं चॉकलेट स्पष्ट दिसतं. आपल्याकडे 'बॉबी' (१९७३) आला आणि राजदूत जीटीएस १७५ ही बुटकी मोटरसायकल लोकांच्या तोंडी कायमची 'बॉबी' झाली. आजही एखाद्या जुन्या मेकॅनिकला गाडीचं कागदावरचं नाव सांगा, तो क्षणभर थांबेल. 'बॉबी' म्हणा, लगेच मान हलवेल. १९९० नंतर बदललं ते एवढंच की परदेशी कंपन्या आल्या, पैसा आला आणि करारपत्रं आली. कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली होती, ती १९९३ मध्ये परतली. १९९९ च्या 'ताल'मध्ये नायक-नायिका एकाच बाटलीतून कोक पितात आणि ती बाटलीच त्यांच्यातला पहिला स्पर्श होते. सहा वर्षांत शीतपेयाची प्रेमपत्रापर्यंत बढती!

पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक ब्रँडकडून पैसे भेटते का?

नाही, आणि इथे बहुतेक जण फसतात. लोगो दिसला की "घेतले पैसे" म्हणून मोकळे होतात.

व्यवहाराचे प्रकार बरेच असतात. रोख रक्कम हा एक. वस्तू फुकट वापरायला देणं हा दुसरा, म्हणजे गाड्या, कपडे, हॉटेलच्या खोल्या. यात निर्मात्याचा खर्च वाचतो. तिसरा प्रकार मला सगळ्यात हुशार वाटतो: कंपनी सिनेमाला काहीच देत नाही, पण आपल्या जाहिरातींत त्या सिनेमाचा गाजावाजा करते. 'ई.टी.' (१९८२) मध्ये परग्रहावरच्या पाहुण्याला गोळ्या टाकत टाकत घरात आणतात, तो प्रसंग आठवतो? त्या गोळ्या आधी एम अँड एम्स असणार होत्या. त्या बनवणाऱ्या मार्स कंपनीनं नकार दिला. हर्शीनं रीसेस पीसेस देऊ केल्या आणि प्रसिद्धीवर दहा लाख डॉलर खर्च करायचं कबूल केलं. पुढे त्या गोळ्यांचा खप उसळला आणि हा किस्सा मार्केटिंगच्या वर्गात सत्यनारायणाच्या कथेसारखा सांगितला जाऊ लागला.

उलटी उदाहरणंही आहेत. 'कास्ट अवे' (२०००) हा सिनेमा फेडेक्स या कुरिअर कंपनीची दोन तासांची जाहिरात वाटतो, पण त्या जागेसाठी कंपनीनं पैसे मोजले नव्हते. सोयी आणि सहकार्य दिलं. आणि 'दबंग' (२०१०) मधल्या गाण्यात झंडू बामचं नाव आलं तेव्हा तो बाम विकणाऱ्या इमामी कंपनीनं आधी कायदेशीर नोटीस पाठवली, मग तडजोड केली आणि त्याच गाण्यावर नाचलेल्या मलाइका अरोराला आपल्या जाहिरातीत घेतलं. भांडायला गेले आणि सोयरिक करून आले.

मग वस्तूवरून "हा सिनेमा कोणासाठी" हे कसं ओळखायचं?

हा खरा प्रश्न. आम्ही मंडळात याच्यावरच जास्त वेळ घालवतो.

आधी एक शब्द. एजन्सीत प्रेक्षकाला कोणी प्रेक्षक म्हणत नाही, 'टीजी' म्हणतात, म्हणजे टार्गेट ग्रुप. "आपला टीजी कोण?" "अठरा ते चोवीस, शहरी, एनसीसीएस ए." हे एनसीसीएस म्हणजे घरांची वर्गवारी. ती पगारावरून करत नाहीत, कारण पगार कोणी खरा सांगत नाही. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण किती आणि ठरवून दिलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून ए१ ते ई३ असे १२ गट पाडतात. त्या ११ गोष्टींत पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन, मोटार, एसी तर आहेतच, शेतजमीनसुद्धा आहे. म्हणजे तुमच्या घरात काय आहे त्यावरून तुम्ही कोण हे ठरतं. सिनेमातला ब्रँड हीच वही उलटीकडून वाचतो: पडद्यावरच्या घरात काय ठेवलं तर खुर्चीतल्याला ते आपलं घर वाटेल, किंवा आपलं व्हावंसं वाटेल?

म्हणून मी मुलांना सांगते, लोगो शोधू नका, हात शोधा. वस्तू कोणाच्या हातात आहे?

'कोई... मिल गया' (२००३) मध्ये बोर्नव्हिटा आहे. सिनेमा मुलांचा, पण डबा विकत घेणारी आई. पोरगं बघतं, हट्ट करतं, आई पैसे देते. एकाच तिकिटावर दोन गिऱ्हाइकं. त्याच वर्षी 'बागबान' आला. त्यात अमिताभ बच्चन आयसीआयसीआय बँकेतला नोकरदार, आणि घरात टाटा टी. आता विचार करा, म्हातारपणी मुलांनी आईबापांना वाटून घेतलं या गोष्टीवर रडायला थिएटरात कोण येणार? पन्नाशीचे नवरा-बायको येणार आणि शेजारी जरा अपराधी चेहऱ्यानं त्यांचा कमावता मुलगा बसणार. एकाची पुंजी बँकेत ठेवायची वेळ आलेली, दुसऱ्याची कर्ज घ्यायची. त्यापेक्षा नेमकी खोली बँकेला कुठे सापडली असती?

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' (२०११) मध्ये तर वस्तूच नाही, देश आहे. स्पेनच्या पर्यटन विभागानं त्या सिनेमाला साथ दिली. टोमॅटोच्या उत्सवाची तिकिटं काढू शकेल असा माणूस मल्टिप्लेक्सच्या चढ्या दराच्या खुर्चीत बसतो हे त्यांना ठाऊक होतं. त्या सिनेमात बचत खातं किंवा धुण्याची पावडर शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. कोणत्या वस्तू नाहीत हे पाहणं कोणत्या आहेत हे पाहण्याइतकंच कामाचं.

पण महागडा फोन सगळ्यांच्या सिनेमात दाखवतात. मोरभवनला एसटीतून उतरून सिनेमाला आलेला माणूस तो फोन थोडीच घेणार?

आज नाही घेणार. 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) मधला नोकिया लुमिया आठवा. एवढ्या सर्वसाधारण प्रेक्षकांच्या सिनेमात एवढा वरचा फोन काहून? दोन कारणं. एक, जो घेऊ शकतो त्याला फोन आवडून पुरत नाही. बाकीच्यांनी तो ओळखला पाहिजे, नाहीतर खिशातून काढण्यात मजा काय? फोन न घेणारे हजार लोक हे घेणाऱ्या एकाचं गिऱ्हाईकपण पक्कं करतात. दुसरं, कंपनी एकच मॉडेल विकत नसते. वरचं मॉडेल नायकाच्या हातात, खालचं सीताबर्डीच्या दुकानात.

म्हणून 'ज्याला दाखवलं तो' आणि 'जो विकत घेईल तो' ही दोन माणसं आहेत हे धरून चाला. कधी ती एकाच घरात असतात, कधी एकमेकांना आयुष्यात भेटत नाहीत.

या सगळ्यात नागपूरकर कुठे बसतो?

मधल्या रांगेत, आणि बऱ्याचदा कोणाच्याच नजरेत न येता.

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा राज्यांच्या नकाशासारखा नाही. वितरक अजूनही देशाला 'सर्किट'मध्ये वाटतात आणि आपलं सर्किट म्हणजे 'सी.पी. बेरार'. इंग्रजांचा सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार प्रांत कधीच इतिहासजमा झाला, पण बॉक्स ऑफिसच्या हिशोबात ठणठणीत जिवंत आहे. नागपूर, अमरावती, शेजारच्या छत्तीसगड-मध्य प्रदेशाचा भाग, हे सगळं एका गठ्ठ्यात. मुंबई वेगळ्या सर्किटात, मराठवाडा 'निजाम'मध्ये. म्हणजे हिंदी सिनेमाच्या कागदावर तुमचा भाऊबंद पुण्याचा नाही, रायपूरचा आहे.

भाषेचंही तसंच. नागपूरचा पोट्टा घरी मराठी, कट्ट्यावर हिंदी आणि सिनेमा बहुतेक हिंदीच. हिंदी सिनेमातला ब्रँड त्याला 'हिंदी पट्टा' म्हणून मोजतो. मराठी सिनेमातला ब्रँड त्याला बहुतेक मोजतच नाही, कारण त्या ब्रँडची दुकानं मुंबई-पुणे-नाशिकला असतात. मी मराठी सिनेमा बघताना हे फार जाणवतं. नायिका कोणत्या तरी सराफाच्या पेढीत शिरते, पेढीचं नाव नीट दिसतं, आणि मी मनात म्हणते, बाई गं, आमच्या इतवारीत ही पेढीच नाही. त्या क्षणी मला कळतं की तिकीट माझंही घेतलं आहे, पण बोलणं माझ्याशी चाललेलं नाही.

याला तक्रार म्हणा वाटलं तर. मला ते मोजमाप म्हणून उपयोगी पडतं. सिनेमा 'सगळ्या महाराष्ट्राचा' आहे असं पोस्टर सांगतं. तो कुठवर पोचेल असं निर्मात्याला खरंच वाटलं होतं, हे त्यातली दुकानं सांगतात.

मराठी सिनेमात प्लेसमेंट इतकं ओबडधोबड काहून दिसते?

बजेट लहान. हिंदीत एखाद्या ब्रँडचा पैसा हा वरचा पैसा असतो, मराठीत कधीकधी त्याच्यावर शूटिंगचे चार दिवस उभे असतात. म्हणून सुरुवातीच्या आभाराच्या पाट्या संपता संपत नाहीत: मसालेवाले, सराफ, सहकारी बँक, बिल्डर, टूरवाले. मग आजोबांच्या तोंडी एकाएकी गृहकर्जाचा व्याजदर येतो. पण त्या पाट्या वाचत जा. बिल्डर आणि टूर कंपनी आहे? मुलं परदेशात असलेले, पेन्शन बरी असलेले लोक धरले आहेत. मसाले आणि साड्या आहेत? दुपारचा खेळ, महिला मंडळ, एकगठ्ठा बुकिंग. निर्मात्याच्या मुलाखतीपेक्षा या पाट्या खऱ्या बोलतात.

खटकलेली जाहिरात वाया जाते का?

अर्धीच. क्रिस्टेल रसेल या संशोधक बाईंनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निघालं की गोष्टीत न बसणारी वस्तू लोकांच्या लक्षात जास्त राहते, पण मन वळवते ती गोष्टीत मुरलेली. 'यादें' (२००१) मधली कोक, हिरो सायकल आणि पास पास मुखवास लोकांना आजही आठवतात, पण चिडून. उलट 'बॉबी'ची मोटरसायकल बघून कोणाला जाहिरात बघितल्यासारखं वाटलं नसावं. खटकते ती जाहिरात आपण पकडतो आणि हुशार झालो असं वाटतं. न खटकलेल्या किती आत गेल्या, याचा हिशोब कोण ठेवतं?

लहान मुलांवर परिणाम होतो का?

होतो, थोडासा पण खरा. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना 'होम अलोन'मधला जेवणाच्या टेबलावरचा एक तुकडा दाखवला, त्यात पेप्सी सांडते. काही मुलांना दुसराच, पेप्सी नसलेला तुकडा दाखवला. नंतर गप्पांच्या आधी "काय घेणार?" असं विचारलं, तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांनी पेप्सी जास्त उचलली. हा अभ्यास २००४ चा. आईबापांना माझं एवढंच सांगणं: सिनेमा बंद करू नका, मध्येच विचारा, "ही बाटली इथे कोणी ठेवली असेल?" सहा-सात वर्षांचं पोर याचं उत्तर फार मजेदार देतं.

दारू-तंबाखूचे ब्रँड का दिसत नाहीत?

तंबाखूला कायद्यानं बंदी आहे. २ ऑक्टोबर २०१२ पासूनच्या नियमांनुसार ब्रँडचं नाव पडद्यावर झाकावं लागतं, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर इशाऱ्याच्या फिती दाखवाव्या लागतात. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही हे लागू झालं. दारूच्या बाबतीत वाट वाकडी: त्याच नावाचा सोडा, त्याच नावाच्या संगीताच्या सीडी. अशा आडून केलेल्या जाहिरातींवर केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी आहे.

नागपूरपुरतं एक सांगते. इथल्या टपरीवरची सगळ्यात ठळक वस्तू म्हणजे खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. त्याला ना ब्रँड, ना वेष्टन, नुसती प्लास्टिकची पन्नी. एखाद्या सिनेमात नागपूर खरं दिसलं की नाही हे ओळखायला माझी खूण तीच: पन्नी घोटणारा हात मागे कुठे दिसला का? पैसे देणारी कोणतीच कंपनी तो शॉट मागणार नाही. दिसला तर समजायचं, दिग्दर्शकानं डोळे उघडे ठेवले होते.

गरीब माणसांच्या सिनेमात ब्रँड का नसतात? त्यांच्या घरी काही नसतं का?

असतं की. एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्या, बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा, रिचार्जवाल्याची पाटी. हिशोब केला तर मोठ्या कंपन्यांचा केवढा तरी धंदा या घरांतूनच चालतो. पण कंपनीला माल तिथे विकायचा असतो, दिसायचं नसतं. तिला वाढदिवस, लग्न, सहल हवी. वस्तीतली मारामारी नको. 'झुंड' (२०२२) आपल्या नागपुरातला, इथल्याच झोपडपट्टीतल्या फुटबॉलचा. तो बघताना आमच्या मंडळातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, या पोट्ट्यांच्या अंगातले टी-शर्ट कोणत्या कंपनीचे?" तिचं तिनंच उत्तर दिलं: "बर्डीच्या फुटपाथवरचे." नाव मोठ्या कंपनीचं छापलेलं, कंपनीला पत्ताच नाही. हेही प्लेसमेंटच, फक्त पैसे शर्ट घालणाऱ्यानं मोजलेले.

ब्रँडकडून पैसे घेतले हे सांगणं बंधनकारक आहे का?

ब्रिटनमध्ये टीव्हीवर २०११ पासून प्लेसमेंटला परवानगी आहे, पण तिथल्या वाहिन्यांनी कार्यक्रमावर 'पी' अक्षराचं चिन्ह दाखवायचं असतं. आपल्याकडे मोबाइलवरच्या इन्फ्लुएन्सरांनी जाहिरातीला जाहिरात म्हणावं असे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ मध्ये आले. सिनेमाच्या पडद्यावर असं चिन्ह लावायची प्रथा नाही. आभाराच्या पाट्यांवरूनच अंदाज बांधायचा.

माझं नाश्त्याचं दुकान आहे. एक मुलगा शॉर्टफिल्म करून राहिला, बोर्ड दाखवतो म्हणतो. पैसे देऊ का?

भाऊ, आधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी आम्ही मंडळातर्फे एक लघुपट केला. शाळा सुटलेल्या मुलीची गोष्ट होती. तर्री पोह्याच्या एका हॉटेलमालकांनी आठ हजार रुपये आणि तीन दिवस सगळ्यांचा नाश्ता दिला. अट एकच, बोर्ड दिसला पाहिजे. आम्ही इतके भारावलो की मुलगी रडते त्या प्रसंगातही मागे बोर्ड ठेवला. पहिल्या खेळाला ती रडायला लागली आणि मागून आवाज आला, "तर्री लय तिखट हाये वाटते!" अख्खी खोली हसली. मालकही हसले, पण परत कधी पैसे दिले नाहीत, आणि बरोबरच केलं त्यांनी.

तेव्हा द्या, पण असं द्या. रोख कमी, नाश्ता जास्त. बोर्डाऐवजी बशी मागा: तर्री ओततानाचा जवळचा शॉट, वर शेव आणि चणे. नागपूरकराला बोर्ड वाचावा लागत नाही, रंगावरून कळतं. शॉट एडिटिंगमध्ये उडाला तर काय, हे कागदावर लिहून घ्या. आणि सिनेमा कुठे दाखवणार ते विचारा. पुण्याच्या महोत्सवात टाळ्या पडल्यानं तुमच्या दुकानापुढे गर्दी होणार नाही.

ओटीटीवर काय वेगळं?

शूटिंग झाल्यावर कॉम्प्युटरनं वस्तू घुसवता येते. रिकाम्या टेबलावर डबा, कोऱ्या भिंतीवर होर्डिंग. एकाच दृश्यात वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रेक्षकांना वेगवेगळा माल दाखवणंही तंत्रानं शक्य आहे. तसं सर्रास झालं तर माझी सराफाच्या पेढीची तक्रार मिटेल आणि पडद्यावर इतवारीची पेढी दिसेल. मला ते आवडेल की त्याची भीती वाटेल, अजून ठरलेलं नाही.

शनिवारी यायचं तर काय घेऊन यायचं?

वही. पानाचे तीन रकाने पाडा: वस्तू, हात, खोली. पहिल्यात जे ओळखू आलं ते, दुसऱ्यात ते कोणी धरलं होतं, तिसऱ्यात घरातल्या कोणत्या खोलीत किंवा रस्त्यावर. मध्यंतराला पान शेजाऱ्याला द्यायचं; त्यानं सिनेमाचं नाव विसरून फक्त पानावरून सांगायचं की तिकीट कोणी काढलं असेल: वय, शहर, नोकरी. मागच्या खेपेला एकानं लिहिलं, "चाळीशीची बाई, ठाणे, नवरा बाहेरगावी." तो सिनेमा मारामारीचा होता. भांडण अजून मिटलेलं नाही, त्यामुळे या शनिवारी तोच सिनेमा पुन्हा लावतोय. साडेपाचला. चपला खाली काढा.